कम्पायलेशन अल्बम: सोळा कलाकारांची एक कॅसेट फोनमध्ये फुटते का, आणि ती जोडायची कशी?

घरातल्या जुन्या सीडीवरची सोळा इंग्रजी गाणी तुम्ही फोनमध्ये टाकली. म्युझिक ॲप उघडलं. 'अल्बम' टॅबमध्ये एक अल्बम दिसायला हवा, पण दिसतात सोळा. सगळ्यांचं नाव एकच आणि प्रत्येकात एकेक गाणं. 'आर्टिस्ट' टॅबमध्ये सोळा नवी नावं घुसलेली. शफल चालू असेल तर विचारूच नका.

फोन बिघडलेला नाही आणि फाइल्सही खराब नाहीत. तुम्ही फोनला कम्पायलेशन दिलंय आणि ते कम्पायलेशन आहे हे त्याला सांगितलेलं नाही, एवढाच घोळ आहे. या लेखात आपण कम्पायलेशन म्हणजे काय, ते डिजिटल जगात का फुटतं, स्ट्रीमिंगवर त्याची नक्कल का जमत नाही आणि कॅसेट किंवा सीडीवरून ते अखंड फोनमध्ये कसं आणायचं, हे सगळं बघणार आहोत. यातलं बरंचसं मी हरिहरेश्वरला काकांच्या घरी चुका करत करत शिकलोय, त्यामुळे मधेमधे ते घर येत राहील.

कम्पायलेशन म्हणजे काय?

वेगवेगळ्या कलाकारांची, वेगवेगळ्या वेळी आलेली गाणी कुणीतरी निवडून, क्रमाने लावून एका अल्बममध्ये बसवली की ते कम्पायलेशन. एकाच बँडच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'लाही कम्पायलेशनच म्हणतात, पण फोनला त्याचा त्रास होत नाही, कारण कलाकार एकच असतो. अडचण होते ती अनेक कलाकारांच्या संग्रहांची.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे ब्रिटनमधली 'नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक' ही मालिका. पहिला भाग २८ नोव्हेंबर १९८३ ला आला, व्हर्जिन आणि ईएमआय या दोन कंपन्यांनी मिळून काढला आणि त्यात ३० गाणी होती. नाव कुठून आलं, तर व्हर्जिनच्या ऑफिसात टांगलेल्या डॅनिश बेकनच्या एका जुन्या जाहिरातीवरून. त्या पोस्टरवर एक डुक्कर होतं आणि पुढे तेच या मालिकेच्या कव्हरवर दिसू लागलं. हे संग्रह इतके खपायला लागले, की जानेवारी १९८९ मध्ये ब्रिटनच्या अल्बम चार्टमधून कम्पायलेशन्स बाहेर काढून त्यांचा वेगळा चार्ट करावा लागला. म्हणजे तुमच्या फोनला आज पडलेला प्रश्न तिकडच्या चार्टवाल्यांना तेव्हाच पडला होता: कलाकारांच्या यादीत कलाकार नसलेला अल्बम ठेवायचा कुठे?

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. 'सिमला' या सिगारेट ब्रँडच्या नावाने होणाऱ्या बीट स्पर्धेतल्या भारतीय बँड्सचे 'सिमला बीट ७०' आणि 'सिमला बीट ७१' असे दोन संग्रह निघाले. भारतीय रॉकच्या सुरुवातीच्या काळाबद्दल बोलताना आजही लोक याच दोन रेकॉर्ड्सपाशी येतात. अशा संग्रहातल्या एखाद्या बँडचा स्वतःचा अल्बम निघालेलाच नसेल, तर त्याचं गाणं जगात फक्त त्या संग्रहामुळे उरतं. संग्रह फोडून ते गाणं 'आर्टिस्ट'च्या यादीत एकटं टाकलं की ते कुठल्या सालचं, कुणाच्या सोबतचं, हे सगळं हरवलं.

हरिहरेश्वरचा खोका

काका नोकरीनिमित्त मुंबईत फोर्टात होते. पगार झाला की काळा घोड्याच्या रिदम हाऊसला चक्कर ठरलेली. (हे दुकान फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झालं. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी त्याचं फक्त नाव ऐकलंय.) काकांना एका बँडचा अख्खा अल्बम घेणं परवडायचं नाही आणि पटायचंही नाही. "एका गाण्यासाठी नऊ गाणी कशाला विकत घ्यायची?" असा त्यांचा हिशोब. त्यामुळे घेतले ते सगळे पॉप आणि रॉकचे मिक्स संग्रह. निवृत्तीनंतर गावी आले तेव्हा ११२ कॅसेटी सोबत आल्या. ७४ पत्र्याच्या ट्रंकेत बसल्या, उरलेल्या ३८ पुठ्ठ्याच्या खोक्यात, माळ्यावर.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, माळ्यावरची कौलं उडाली, आणि पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. कॅसेटींकडे बघायला कुणाला वेळ होता! आठवड्याभराने दोन दिवस ऊन पडलं तेव्हा काकूने त्या ३८ कॅसेटी अंगणात आमसुलं वाळत घालावीत तशा मांडल्या. प्रेमानेच, पण उन्हाने काही कॅसेटींची कवचं वाकली. शेवटी त्या ३८ मधल्या २७ वाचल्या, ११ गेल्या.

आधी मी काय केलं, आणि ते का चाललं नाही

मला वाटलं, सोपं आहे. मी काकांच्या सगळ्यात आवडत्या कॅसेटचं इनले कार्ड घेतलं, सोळा गाणी स्ट्रीमिंग ॲपवर शोधली, त्याच क्रमाने प्लेलिस्ट केली आणि फोन त्यांच्या हातात दिला. दोन गाणी ते मान हलवत ऐकत होते. तिसरं सुरू झाल्यावर दीड मिनिटात म्हणाले, "हे ते नव्हे रे."

मला वाटलं वय झालंय. नंतर ट्रंकेतली कॅसेट लावून घड्याळ घेऊन बसलो, तर सोळापैकी सात गाण्यांची लांबी वेगळी होती.

याचं कारण समजून घ्या, कारण पूर्ण विषयाची मेख इथे आहे. एकाच गाण्याची अनेक रेकॉर्डिंग्ज आणि अनेक आवृत्त्या बाजारात असतात. अल्बमवरची लांब, रेडिओसाठी कापलेली छोटी, डान्स मिक्स, लाइव्ह, नंतर पुन्हा गायलेली. टेलर स्विफ्टने २०२१ पासून आपले जुने अल्बम पुन्हा रेकॉर्ड करून काढले, ते तुम्हाला माहीत असेलच. गाणं तेच, रेकॉर्डिंग दुसरं. जुन्या गाण्यांत हे फार आहे. द डोअर्सचं 'लाइट माय फायर' अल्बमवर सात मिनिटांचं आहे, सिंगलवर तीन मिनिटांच्या आत. डायर स्ट्रेट्सचं 'मनी फॉर नथिंग' १९८५ च्या सीडीवर साडेआठ मिनिटांच्या आसपास आहे आणि त्याच अल्बमच्या एलपीवर साधारण सात, कारण एलपीच्या एका बाजूवर जागाच तेवढी.

कम्पायलेशनवाल्यांना साठ मिनिटांत सोळा गाणी बसवायची असतात. ते साहजिकच छोटी आवृत्ती घेतात, कधी कधी स्वतःच शेवट फेड करतात. स्ट्रीमिंग ॲपवर सर्चमध्ये वर येते ती बहुतेक वेळा अल्बमची, तीही नंतर रीमास्टर केलेली. तांत्रिकदृष्ट्या प्रत्येक वेगळ्या रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकी वेगळा कोड असतो, पण ॲपच्या स्क्रीनवर तो दिसत नाही. दिसतं ते फक्त गाण्याचं नाव.

दुसरी अडचण हक्कांची. स्ट्रीमिंगवरचं गाणं म्हणजे कंपन्यांच्या करारावर टिकलेली गोष्ट. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं तेव्हा वॉर्नर म्युझिकशी करार झालेला नव्हता, म्हणून लिंकिन पार्क आणि लेड झेपेलिनसारखी नावं भारतातल्या यादीत नव्हती. करार व्हायला २०२० उजाडलं. कम्पायलेशनमध्ये तर सोळा गाण्यांमागे पाच-सहा कंपन्या असू शकतात. त्यामुळे अख्खं कम्पायलेशन जसंच्या तसं स्ट्रीमिंगवर सापडणं कठीण, आणि सापडलं तरी त्यात दोन-तीन गाणी राखाडी झालेली असतात, दाबली तरी वाजत नाहीत.

मग उरतो एकच रस्ता. जी वस्तू हातात आहे तिचीच डिजिटल प्रत करायची.

टॅग: फोन गाण्याला ओळखतो कसा

फाइलचं नाव फोनसाठी फारसं महत्त्वाचं नसतं. म्युझिक ॲप वाचतं ते फाइलच्या आत लपलेले टॅग. एमपीथ्रीमध्ये याला आयडीथ्री म्हणतात. १९९६ मध्ये आलेली पहिली आवृत्ती अगदी बाळबोध होती. फाइलच्या शेवटी फक्त १२८ बाइट्स, त्यात गाणं, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० अक्षरं. कम्पायलेशनसाठी काहीच सोय नाही, आणि देवनागरीची तर नाहीच. जुन्या एमपीथ्री सीडीवरच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. १९९८ ला दुसरी आवृत्ती आली, तिच्यात युनिकोड आलं आणि हवे तेवढे रकाने आले. फ्लॅक नावाच्या फॉरमॅटमध्ये टॅगची पद्धत आणखी सोपी आहे, साधं 'नाव बरोबर किंमत'.

कम्पायलेशन जोडून ठेवणारे रकाने दोनच आहेत.

पहिला 'अल्बम आर्टिस्ट'. 'आर्टिस्ट' म्हणजे हे गाणं कुणाचं, आणि 'अल्बम आर्टिस्ट' म्हणजे हा अल्बम कुणाच्या नावावर लावायचा. कम्पायलेशनमध्ये आर्टिस्ट सोळा असतील, पण अल्बम आर्टिस्ट सगळ्या सोळा फाइल्समध्ये एकच हवा: 'व्हेरियस आर्टिस्ट्स'. हे नाव अक्षरशः सारखं पाहिजे. एका फाइलमध्ये 'व्हेरियस', दुसरीत 'व्ही.ए.', तिसरीत 'विविध कलाकार' असं केलं तर फोन त्यांना तीन वेगळी माणसं समजेल. मराठीत ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण मग सगळीकडे मराठीतच. मी स्वतः इंग्रजी ठेवलंय, कारण ॲप्सना तेच ओळखीचं असतं.

दुसरा रकाना 'कम्पायलेशन'. त्याची किंमत १ केली की काही ॲप्स त्या कलाकारांना 'आर्टिस्ट' यादीत गर्दी करू देत नाहीत. सगळी ॲप्स हा रकाना मानत नाहीत, तरी भरून ठेवा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ट्रॅक नंबर भरलाच पाहिजे, नाहीतर गाणी बाराखडीच्या क्रमाने लागतात आणि ज्या क्रमासाठी हा खटाटोप चाललाय तोच जातो. कॅसेटची साइड ए मी डिस्क १ आणि साइड बी डिस्क २ म्हणून लावतो. काही जण सलग १ ते १६ लावतात, तेही चालतं, पण साइड बीचं पहिलं गाणं हे नेहमी 'सुरुवात' म्हणून निवडलेलं असतं आणि ते माहीत असलेलं बरं. सालाच्या रकान्यात संग्रहाचं साल टाका, गाण्याचं नाही. गाण्याच्या मूळ सालासाठी 'ओरिजिनल डेट' हा वेगळा रकाना असतो. उलट केलंत तर एकाच अल्बममध्ये १९६७ पासून १९९४ पर्यंतची सालं दिसतील आणि काही ॲप्स त्यावरून पुन्हा अल्बम फोडतील.

हे सगळं भरायला कॉम्प्युटरवर एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सोळा फाइल्स एकदम सिलेक्ट करायच्या, अल्बम, अल्बम आर्टिस्ट, साल आणि कव्हर एकदाच भरायचं आणि सेव्ह. फोनवरही टॅग बदलणारी ॲप्स मिळतात. एखाद्या अल्बमपुरतं ठीक आहे, पण शंभर अल्बम अंगठ्याने करू नका.

पिकार्डचा सापळा

टॅग हाताने भरायचा कंटाळा येतो म्हणून बहुतेक जण म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरतात. हे मोफत आहे आणि उत्तम आहे. म्युझिकब्रेन्झ म्हणजे गाण्यांच्या माहितीचा लोकांनी मिळून भरलेला डेटाबेस, विकिपीडियाच्या जातीचा. पिकार्डमध्ये 'स्कॅन' बटण दाबलं की ते गाण्याचा ध्वनिठसा काढतं, म्हणजे आवाजाच्या आकारावरून बनवलेली एक प्रकारची बोटांची खूण, आणि डेटाबेसमध्ये ती शोधतं.

इथे मी पहिल्या दिवशी फसलो. नव्वद गाणी टाकली, स्कॅन दाबलं आणि चहा प्यायला गेलो. येऊन बघतो तर पिकार्डने प्रत्येक गाणं त्याच्या मूळ अल्बममध्ये नेऊन बसवलेलं. नव्वद गाणी, ऐंशीच्या वर अल्बम. त्याचं काही चुकलं नव्हतं. ते गाणं ओळखायचं काम करतं आणि गाणं त्याने बरोबर ओळखलं होतं. संग्रह ओळखायचं काम मी त्याला दिलंच नव्हतं.

बरोबर पद्धत अशी. एका वेळी एकच कॅसेट घ्या. फाइल्स टाकल्यावर 'स्कॅन'ला हात लावू नका, 'क्लस्टर' दाबा म्हणजे गाण्यांचा एक गठ्ठा होईल. मग त्या गठ्ठ्यावर 'लुकअप' करा. संग्रह सापडला तर सोळा गाणी सोळा जागांवर बसतात. चुकीचा सापडला, तर वरच्या सर्चमध्ये संग्रहाचं नाव टाकून बरोबर अल्बम उघडा आणि फाइल्स ओढून त्यात सोडा. भारतात निघालेल्या कॅसेटी डेटाबेसमध्ये बऱ्याचदा नसतात. तेव्हा मोफत खातं उघडून इनले कार्डावरून ती कॅसेट स्वतःच नोंदवता येते. अर्धा तास जातो, पण पुढे ज्याच्याकडे तीच कॅसेट असेल त्याचा अर्धा तास वाचतो.

सीडी असेल तर काम बरंच सोपं. १९९३ मध्ये सुरू झालेल्या सीडीडीबीपासून एक युक्ती चालत आलीय: डिस्कवरच्या गाण्यांच्या लांबींवरून डिस्क ओळखायची. सोळा गाण्यांच्या लांबींचा तोच क्रम दुसऱ्या डिस्कवर असण्याची शक्यता फार कमी. म्हणजे गंमत बघा, सीडी ओळखली जाते ती तिच्या क्रमावरून. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं सॉफ्टवेअर सीडीवरून गाणी काढताना इतरांच्या त्याच सीडीच्या प्रतीशी ताडूनही बघतं. त्यामुळे ओरखड्यामुळे आलेली चूक लगेच कळते.

कॅसेटवरून फाइल: हाताचं काम

कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने हेडसमोरून जाते. अर्ध्या तासाच्या एका बाजूत सुमारे ८६ मीटर. पॉलिएस्टरच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची पूड एका चिकट थराने धरून ठेवलेली असते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत दोन गोष्टी होतात. चिकट थर ओलावा धरून मऊ पडतो आणि त्याची पूड हेडवर बसते, आणि रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी चढते. खिडकीतून बघितलं तर रिळावर पांढरे ठिपके किंवा जाळं दिसेल. अशी कॅसेट तशीच लावू नका. फीत तुटू शकते, आणि बुरशी डेकमध्ये बसून पुढच्या कॅसेटला लागते. साफ करताना तोंडाला मास्क बांधा.

भिजलेल्या कॅसेटसाठी आम्ही जे केलं ते सांगतो. खारं किंवा गढूळ पाणी गेलं असेल तर कॅसेट उघडून रिळं डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलक्या हाताने बुचकळायची आणि सावलीत पंख्याच्या झोतापासून जरा लांब वाळवायची. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, तांदळाचा डबा तर अजिबात नाही, त्याची पूड आत जाते. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर नशीब. स्क्रू काढून रिळं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवता येतात. उन्हाने वाकलेल्या कॅसेटी आम्ही अशाच वाचवल्या, भजनांच्या रिकाम्या झालेल्या कॅसेटींची कवचं घेऊन. चिकटवलेलं कवच असेल तर कडेने ब्लेडने उकलावं लागतं, हात सांभाळून. फितीच्या मागे एक छोटा फेल्टचा तुकडा असतो. तो पडला असेल तर आवाज दबका येतो, आणि लोकांना उगाच वाटतं की कॅसेट गेली.

वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे फिरवून घ्या. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसा. रबरी चाकाला अल्कोहोल लावणं टाळा, ओलसर फडकं पुरेल. आवाज बोदा येत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून बघा. हेडचा तिरकेपणा फितीशी जुळला की झांजांचा आवाज एकदम उघडतो. ही एक गोष्ट केल्याने मला कुठल्याही सॉफ्टवेअर फिल्टरपेक्षा जास्त फायदा झाला.

डेकच्या लाइन-आउटमधून वायर यूएसबी साउंड कार्डच्या लाइन-इनमध्ये, आणि तिथून लॅपटॉप. फोनच्या हेडफोन जॅकमध्ये थेट वायर घालायचा मोह होईल, पण तिथला माइक इनपुट मोनो असतो आणि आवाज फाटतो. ऑडॅसिटीमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, स्टिरिओ लावा. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील एवढी पातळी ठेवा, लाल दिवा लागता कामा नये. मग प्ले दाबा आणि बसा. याला शॉर्टकट नाही. तासाच्या कॅसेटला तास लागतो. आमच्या वाचलेल्या १०१ कॅसेटींना दोन मे महिने आणि एक गणपतीची सुट्टी लागली, आणि त्यात लोडशेडिंगने खाल्लेले तास वेगळे.

वेग तपासायला विसरू नका. जुन्या डेकचा पट्टा सैल किंवा मोटर वेडीवाकडी असेल तर चार मिनिटांचं गाणं ३:५२ मध्ये संपतं, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास जास्त वेग, आणि सूरही त्याच प्रमाणात चढतो. ऑडॅसिटीमध्ये वेग बदलून ते सुधारता येतं. फक्त तुलना करताना तीच आवृत्ती समोर आहे ना हे बघा, नाहीतर रेडिओसाठी कापलेलं गाणं अल्बमच्या लांबीएवढं ताणून ठेवाल. मी एक ताणलं होतं. काकांनीच पकडलं.

कुठल्या फॉरमॅटमध्ये आणि किती जागा

मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा. त्यात आवाजाचा एकही बिट फेकला जात नाही. सीडी दर्जाचा एक तास वेव्ह फाइलमध्ये ६३५ एमबी होतो, फ्लॅकमध्ये साधारण त्याच्या निम्मा ते साठ टक्के. आमच्या १०१ कॅसेटी ३६ जीबीमध्ये बसल्या, म्हणजे ६४ जीबीच्या मेमरी कार्डात आरामात. अँड्रॉइडवर फ्लॅक थेट वाजतं. आयफोनच्या म्युझिक ॲपला चालत नाही, तिथे व्हीएलसी वापरा किंवा ॲपलच्या लॉसलेस फॉरमॅटमध्ये बदलून घ्या. फोनमध्ये जागा कमी असेल तर फोनपुरती एमपीथ्री प्रत काढा, पण फ्लॅक पुसू नका.

नॉनस्टॉप संग्रहांची गोष्ट वेगळी. तिथे एक गाणं दुसऱ्यात मिसळलेलं असतं. एमपीथ्री बनवताना प्रत्येक फाइलच्या आगेमागे थोडी शांतता भरली जाते आणि काही ॲप्समध्ये नाचता नाचता अडखळल्यासारखं होतं. फ्लॅकमध्ये हा त्रास नाही.

आवाजाच्या पातळीबद्दल एक सूचना. ॲपमध्ये रिप्लेगेन असेल तर 'ट्रॅक' ऐवजी 'अल्बम' निवडा. संग्रह बनवणाऱ्याने सोळा गाण्यांची पातळी आधीच एकमेकांशी जुळवलेली असते, ती फोनने पुन्हा सपाट करायची गरज नाही.

ऐकायला मी म्युझिकोलेट सुचवेन. ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही, आणि हरिहरेश्वरला तसंही नेटवर्क देवळाच्या चढावर एक कांडी आणि घरात शून्य. बॅकअप मात्र दोन ठिकाणी असू द्या, आणि दोन्ही समुद्राजवळ नकोत. आमची एक प्रत काकांच्या कपाटात आहे, एक पुण्यात माझ्याकडच्या हार्ड डिस्कवर. गूगल ड्राइव्हच्या मोफत १५ जीबीत हे मावत नाही.

कायद्याचं काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक वापरासाठीच्या वाजवी वापराला सूट आहे. त्या आधारावर स्वतःच्या कॅसेटची स्वतःला ऐकण्यापुरती प्रत करता येते. तीच प्रत यूट्यूबवर चढवणं किंवा विकणं यात बसत नाही. फॅमिली ग्रुपवर 'आम्हालाही पाठव' असं येईल, तेव्हा हे लक्षात ठेवा. मी इनले कार्डांचे फोटो पाठवले.

भरून घेतलेल्या कॅसेटी

शेवटचा प्रकार राहिला, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा. तेव्हा गावोगावी रेकॉर्डिंग सेंटर असायची. तुम्ही गाण्यांची यादी द्यायची, दुकानदार कोऱ्या कॅसेटवर ती भरून द्यायचा. काकांच्या अशा १४ कॅसेटी आहेत. अशी कॅसेट कुठल्याही डेटाबेसमध्ये सापडणार नाही, कारण जगात तिची एकच प्रत आहे. पिकार्ड इथे बंद ठेवा. अल्बमच्या नावात कार्डावर पेनाने जे लिहिलंय तेच टाका, अल्बम आर्टिस्ट 'व्हेरियस आर्टिस्ट्स'च, आणि कमेंटच्या रकान्यात कुणी, कुठे, कधी भरून घेतली ते लिहा. माणूस आहे तोवर विचारून घ्या. कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून कव्हर म्हणून जोडा.

काकांच्या अशा एका कॅसेटच्या साइड बीवर शेवटचं गाणं अर्ध्यात तुटतं. दुकानदाराचा अंदाज चुकला आणि फीत संपली. मी ते गाणं पूर्ण शोधून त्या जागी बसवलं, फेडबिड करून, आणि अभिमानाने ऐकवलं. काका त्यांच्या ठरलेल्या जागेपर्यंत गुणगुणले, थांबले आणि सवयीने कॅसेट उलटायला हात पुढे केला. फोन गातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी जुनी फाइल परत आणली. टॅगमध्ये आता असं आहे: डिस्क २, ट्रॅक ८, लांबी २:४१, कमेंट 'फीत संपली'.